चंद्रीची संकष्टी

झाशीत मानिक चौकाच्या मागच्या गल्लीत यज्ञेश्वर चांदोरकरांचं घर कुठे म्हणून विचारलं, तर एके काळी लोक डोकं खाजवायचे. कोण चांदोरकर? ते उंच? नाही, ते समोरचे. चष्मेवाले? चष्मा तर सगळ्या गल्लीला. मग कुणीतरी म्हणायचं, "अच्छा, वो जो चप्पल देखते हैं!" आणि पत्ता सापडायचा.

म्हणजे असं, की मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी प्रत्येकाला काहीतरी काम मिळे. कुणाला आरती, कुणाला प्रसाद, कुणाला माईक. यज्ञेश्वररावांना चपला. कलेक्टरीत सारा जन्म कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे आलेले, घरात ताम्हन-पळीसुद्धा त्या वेळची, आणि हे बसलेत दाराशी चपलांवर नजर ठेवून. मंडळाच्या फोटोत त्यांचा बहुतेक अर्धा खांदा यायचा. फोटो घरी आला की ते भिंग घेऊन खांदा शोधत आणि बायकोला दाखवत, "हा बघ, मी."

"दिसलात हो," शकुंतलाबाई म्हणत. "शर्ट ओळखीचा वाटला."

या माणसाला नाव मिळालं ते कुत्रीमुळे.

चंद्रीला आणलं लेकीनं. आभा कॉलेजात असताना रेल्वे स्टेशनाबाहेर पिल्लू सापडलं, काळंभोर आणि कपाळावर पांढरी कोर, म्हणून चंद्री. लग्न होऊन आभा भोपाळला गेली, कुत्री इथेच राहिली. घरात जे शिजेल ते खायची. वरण-भात असेल तर वरण-भात, भाकरी असेल तर भाकरी. फक्त एका पदार्थाशी तिचं वाकडं होतं, साबुदाण्याची खिचडी. समोर ठेवली की एकदा हुंगायची आणि मालकाकडे असं बघायची की त्यालाच ओशाळं वाटावं.

आता संकष्टी चतुर्थीला चांदोरकरांकडे दिवसभर उपास. दुपारी खिचडी, आणि चंद्र उगवला की गच्चीवर जाऊन यज्ञेश्वरराव अर्घ्य देणार, मग खाली येऊन पानं वाढायची. चंद्री खिचडी खात नसे, म्हणजे तीही रात्रीपर्यंत उपाशी. आणि उपाशी जनावराला कळायला किती वेळ लागतो? मालकानं गच्चीवर तांब्या उचलला की जेवण येतं, हे तिनं हेरलं. तांब्या वर गेला की ही शेपूट हलवत भुंकायला लागायची. एवढीच गोष्ट.

पण मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव एका संकष्टीला गच्चीवर आले होते. त्यांनी हे पाहिलं आणि हातच जोडले.

"चांदोरकर, अहो हा जीव व्रतस्थ आहे! दिवसभर अन्नाला शिवली नाही म्हणता?"

"शिवली नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. आणि हे खरंच होतं.

"आणि चंद्रदर्शन झाल्यावर घोष करते!"

"तिला भूक लागलीय, भावजी," शकुंतलाबाई जिन्यातून म्हणाल्या. "वाढा तिला आधी, मग पाया पडा."

पण गोपाळरावांनी मोबाइल काढला होता. तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून गल्लीच्या, तिथून न जाणो कुठे कुठे. पुढच्या संकष्टीला गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या हिंदी घरातल्या बाया आल्या, लाडू घेऊन. असा नेमच पडून गेला, की चंद्री भुंकल्याशिवाय कुणी उपास सोडायचा नाही. लोक खालून हाका मारायचे, "चांदोरकरजी, बोली क्या?" आणि यज्ञेश्वरराव कठड्यावरून वाकून सांगायचे, "अभी नहीं, अभी नहीं!" त्या 'अभी नहीं'त केवढा रुबाब! अख्खी गल्ली यांच्या एका शब्दासाठी उपाशी. चपलांच्या माणसाला हे सुख आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. गणेशोत्सवात त्या वर्षी चपला दुसऱ्याकडे गेल्या आणि यज्ञेश्वरराव फोटोत मधोमध आले, चंद्रीसकट.

सिविल लाइंसमध्ये डॉक्टर सलोनींचा जनावरांचा दवाखाना आहे. लसीच्या वेळी त्यांनी एकदा हिंदी वळणाच्या मराठीत विषय काढला होता. "अंकलजी, पिल्ले नको असतील तर हिचं ऑपरेशन करून घ्या. वय वाढलं की मादीला बच्चेदानीचे आजार होतात."

यज्ञेश्वरराव घरी आले ते फणफणतच. "व्रत करणाऱ्या जिवाला कापायचं म्हणे! अंग तोडलेलं जनावर देवाच्या कामाला चालतं का?"

"तिला देवाच्या कामाला कुणी लावलं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"तुला कळायचं नाही."

"बरं, तुम्हाला कळलंय ना? झालं मग."

दिवाळीनंतर चंद्री माजावर आली. गल्लीतले झाडून सगळे कुत्रे दारात बसले, आणि पानवाल्यानं ओरडून विचारलं, "चांदोरकरजी, बारात कब तक रुकेगी?" यज्ञेश्वररावांना त्यात हसण्याजोगं काही दिसलं नाही. या घरात जुन्या चालीचं शिवाशिवीचं फार. त्यांनी चंद्रीला 'बाहेरची' ठरवलं. देवघराच्या उंबऱ्याला पाट आडवा लावला, माडीवर जायचा जिना बंद केला, आणि त्या महिन्याच्या संकष्टीला लोकांना सांगून टाकलं की तिची प्रकृती जरा नरम आहे. लोक चुकचुकले. गोपाळरावांनी तर केळी पाठवली.

पुढे सगळं सुरळीत झालं, बारात उठली, पाट निघाला. आणि मग पौषातली ती संकष्टी मंगळवारी येत असल्याचं मंडळाच्या लक्षात आलं. अंगारकी! त्यात इकडच्या बायकांची सकट चौथही त्याच दिवशी. ठरलं, की चांदोरकरांच्या गच्चीवर मोठा कार्यक्रम करायचा, चंद्रीला हार घालायचा आणि यज्ञेश्वररावांना शाल-श्रीफळ.

शाल! रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या यज्ञेश्वररावांना ती खांद्यावर जाणवायची.

कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा पहिल्यांदा शकुंतलाबाईंच्या लक्षात आलं, की चंद्री पाणी फार पितेय. अल्युमिनियमचं तिचं भांडं भरून ठेवावं, तर थोड्या वेळात रिकामं, आणि कडाक्याच्या थंडीत! मग अंगणात जायच्या आधीच घरात मुतायला लागली, जी कधी लहानपणीही मुतली नव्हती. मुतायची आणि कान पाडून कोपऱ्यात जाऊन बसायची.

"अहो, हिला काहीतरी होतंय."

"उपासाची तयारी करतेय. जीव आधीच पाणी साठवून घेतो."

"उंट आहे का ती?"

यज्ञेश्वरराव चंद्रीच्या पोत्याकडे गेले. त्यांनी दुसरंच काही पाहिलं होतं. चंद्री सारखी मागे वळून चाटत होती, आणि ती उठल्यावर पोत्यावर डाग होता. पिवळट, तांबूस, आणि त्याला एक वास. त्यांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? दुसऱ्या कुणाच्या मनात आला असता, की दुखणं आहे. यांच्या मनात आलं, विटाळ. पुन्हा? इतक्यात? आणि लगेच दुसरं, की हे गोपाळरावांना कळलं तर! बाहेरचं जनावर अंगारकीला गच्चीवर नेलं म्हणून मंडळात बभ्रा होईल. हार गेला, शाल गेली, आणि गणेशोत्सवात पुन्हा दाराशी.

त्यांनी पोतं गुंडाळून मोरीत टाकलं. जुन्या धोतराचा तुकडा भिजवून चंद्रीचं अंग पुसलं आणि कपाटातली हिन्याची कुपी काढून तिच्या शेपटीमागे बोटभर लावली. तेव्हापासून हे रोजचं झालं. पहाटे बायको उठायच्या आधी पुसायचं, अत्तर लावायचं. शकुंतलाबाईंना वासाचं नवल वाटायचं. "हिला अत्तर कशाला फासता? लग्न ठरलंय का तिचं?"

"हार घालायचाय तिला. स्वच्छ नको?"

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी चंद्रीनं खाणं सोडलं. भाकरी दुधात कुस्करून दिली, नको. शकुंतलाबाईंनी हातानं भरवायला घेतलं तर तोंड फिरवलं. पोट मात्र फुगल्यासारखं दिसत होतं, हात लावला की कण्हायची. यज्ञेश्वररावांना पोटाचं दिसलं नाही, न खाण्याचं तेवढं दिसलं, आणि ते त्यांनी स्वतः फोन करून गोपाळरावांना कळवलं. "आत्तापासूनच सुरू केलाय हो तिनं!" तिकडून धन्य धन्य झालं. संध्याकाळपर्यंत लोक बघायला येऊ लागले. पाहुणे यायचे, कोपऱ्यात मान टाकून पडलेल्या कुत्रीला वाकून नमस्कार करायचे आणि चहा पिऊन जायचे.

सोमवारी पोतं मोरीत टाकायचं राहून गेलं आणि शकुंतलाबाईंच्या हाती लागलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग गच्च धरून नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"हे कधीपासून?"

"हळू बोल. विटाळ आहे तिला."

"विटाळ? विटाळाला पू येतो होय? या अत्तराखाली हे झाकत होतात?"

त्यांनी डॉक्टर सलोनींना फोन लावला. पाणी, मूत, चाटणं, न खाणं, पोट, सगळं सांगितलं. तिकडून डॉक्टर जे बोलल्या ते यज्ञेश्वररावांनाही ऐकू आलं, कारण फोनचा आवाज मोठा होता.

"आंटीजी, आज ही लाइए. बच्चेदानी में मवाद लगता है. इसमें रुकते नहीं."

गर्भाशयात पू! शकुंतलाबाई आपली शाल घ्यायला आत गेल्या. यज्ञेश्वरराव दारात आडवे उभे.

"उद्याचा दिवस जाऊ दे. बुधवारी सकाळी मी स्वतः नेतो. गणपतीची शपथ."

"तिनं काय सांगितलं ऐकलंत ना?"

"डॉक्टर घाबरवतातच. अगं, दीडशे माणसांना निरोप गेलेत! गोपाळराव ग्वाल्हेरच्या लोकांना बोलावून बसलेत. त्यांना काय सांगू, कुत्रीचं ऑपरेशन चाललंय? मला एकदा, एकदाच..."

चंद्री वजनदार होती, एकट्या शकुंतलाबाईंना उचलणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचा तो चेहराही त्यांना नवा होता. इतकं काही मागताना त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्या खाली बसल्या. "बुधवारी सकाळी," त्या म्हणाल्या. "दिवस उगवायच्या आत." पुढे आयुष्यभर त्यांनी हे स्वतःला माफ केलं नाही, पण ते नंतरचं.

मंगळवारी दुपारी गोपाळराव मांडवाची व्यवस्था बघायला आले, तेव्हा चंद्री भांड्यात तोंड घालून पाणी पीत होती. पितच होती. गोपाळराव बघत राहिले.

"चांदोरकर, निर्जळी नाही वाटतं हिची?"

बस्स, एवढंच म्हणाले ते. पण ग्वाल्हेरचे लोक येणार, मोबाइल येणार. यज्ञेश्वररावांनी ते भांडं उचललं आणि कोठीत गव्हाच्या पिंपामागे नेऊन ठेवलं. चंद्री फरफटत कोठीच्या दारापर्यंत गेली. दार बंद होतं. ती तिथेच पडून राहिली, दाराच्या फटीशी नाक लावून. त्यांनी ते पाहिलं. हे मात्र अगदी नीट पाहिलं.

संध्याकाळी धुकं उतरलं. झाशीचं पौषातलं धुकं, समोरच्या घराची खिडकी दिसेना. गच्चीवर दाटी झाली. तिळकूट घेतलेल्या बायका, मफलर गुंडाळलेले मंडळाचे लोक, शाल हातात घेऊन उपासानं आणि मधुमेहानं कासावीस झालेले गोपाळराव. दोघा माणसांनी चंद्रीला उचलून पाटावर आणून ठेवलं. गळ्यात झेंडूचा हार घातला. तिनं मान उचलली नाही, म्हणून हार जमिनीवर पसरून राहिला. यज्ञेश्वररावांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ते मधोमध होते.

चंद्र काही दिसेना.

"मोबाइलवर तर उगवलाय," कुणीतरी म्हणालं.

"मोबाइलला काय कळतं? चंद्री भुंकू दे."

सगळे वाट बघू लागले. चंद्री धापा टाकत होती, जीभ बाहेर, कोरडी. शेजारची बिट्टो अम्मा काठी टेकत पुढे आली, वाकून बघितलं. तिला हिची तब्येत काही बरी दिसेना.

"जा तो हाँफ रई, लला. ई की तबीयत नोनी नइयाँ."

"निर्जल है न अम्मा," यज्ञेश्वरराव म्हणाले. "इसलिए."

"अरे तो पानी दे दो!"

बाया कुजबुजल्या, गोपाळराव हसले. "अम्मा, व्रत तोड़ दें क्या उसका?"

जिन्याच्या तोंडाशी शकुंतलाबाई उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, अर्घ्य द्या. आत्ता द्या. न दिसणाऱ्या चंद्राला द्या, पण द्या!"

यज्ञेश्वररावांनी घाईघाईनं तांब्या उचलला आणि धुक्याकडे बघून ताम्हनात धार सोडली. पाण्याचा आवाज झाला, आणि चंद्री हलली. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ती पाटावरून उतरली, हार तिच्याबरोबर घासत गेला, आणि तिनं ताम्हनात तोंड घातलं. चाटत राहिली. संपलं तरी पितळ चाटत राहिली. मग मान वर करून, ज्या माणसाच्या हातात तांब्या होता त्याच्याकडे बघून, घशातून एक आवाज काढला. भुंकणं नव्हतंच ते.

"बोली!" कुणीतरी ओरडलं. "तीर्थ घेतलं! चंद्रोदय झाला!"

"गणपती बाप्पा मोरया!"

आणि मंडळी जिन्याकडे धावली. खाली पानं मांडलेली होती, उकडीचे मोदक होते, भूक होती. गोपाळराव सगळ्यांच्या पुढे. बघता बघता गच्ची मोकळी झाली. पाटावर चंद्री जिथे पडली होती तिथे मोठा डाग होता, आणि हिन्याचा वास आता पुरत नव्हता.

शकुंतलाबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची शाल ओढून काढली, चंद्रीभोवती गुंडाळली आणि म्हणाल्या, "पाय धरा."

खाली पंगत बसली होती. या दोघांना जिन्यातून बोचकं नेताना पाहून वाढणाऱ्यानं विचारलं, "चांदोरकरजी, आपण नाही बसत?" उत्तर कुणी ऐकायला थांबलं नाही. ई-रिक्षा मिळाली. रिक्षावाला धुक्यात हळूहळू चालवत होता आणि आरशातून विचारत होता, "बाबूजी, ये वही हैं न, व्रतवाली?" यज्ञेश्वररावांनी मान हलवली. रिक्षावाल्यानं एक हात सोडून नमस्कार केला.

डॉक्टर सलोनी दवाखान्याच्या वरच राहतात. त्या स्वेटर चढवत खाली आल्या, शाल उघडली, हिरड्या बघितल्या, पोटावर हात ठेवला. "कब से पानी ज़्यादा पी रही थी?"

यज्ञेश्वरराव म्हणाले, "आजकल में ही..."

"आठवड्यापासून," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पूही तेव्हापासून. यांनी रोज पुसलाय."

डॉक्टरांनी एकदाच वर बघितलं. मग सलाइन लावलं, फोन करून मदतीला कुणाला बोलावलं, ऑपरेशनची तयारीही केली. "इतनी सूखी कैसे है ये? पानी तो पी रही थी न?"

याचं उत्तर मात्र शकुंतलाबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. यज्ञेश्वरराव भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होते.

ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलीच नाही. टेबलावरच, सुई हातात असताना, चंद्री गेली.

सकाळी दोघांनी तिला घराच्या मागच्या मोकळ्या जागेत पुरलं, त्याच शालीत. बातमी गल्लीत पसरली आणि रडणं सोडून लोक धन्यच म्हणायला लागले. अंगारकीला गेली! अर्घ्याचं पाणी पिऊन गेली! असं मरण माणसाला मिळत नाही. गोपाळराव भेटायला आले, डोळे पुसून झाल्यावर जरा घुटमळले. "ती शाल... पुरली म्हणता? नाही, जरीची होती, म्हणून विचारलं. मंडळाच्या निधीतली." मग उठता उठता, "दुसरी आणा हो एखादी. वळण लावलं की लागतं."

आभानं भोपाळहून फोन केला. तिचं मराठी तोडकंमोडकं. "बाबा, तुम्हाला दिसलं नाही? वो इतना पानी पी रही थी, दिसलं नाही?" यज्ञेश्वररावांनी फोन बायकोकडे दिला. शकुंतलाबाईंनी तो कानाला लावला आणि म्हणाल्या, "दिसलं होतं ग. सगळ्यांना सगळं दिसलं होतं."

माघातली संकष्टी आली. सकाळीच चांदोरकरांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला, गल्ली चकित. शकुंतलाबाईंनी वरण-भात, भाकरी, वांग्याची भाजी केली आणि भर दुपारी ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं, ताट घेऊन जेवायला बसल्या. पानवाल्यानं पाहिलं, बिट्टो अम्मानं पाहिलं.

यज्ञेश्वरराव दारात उभे होते. "आज संकष्टी आहे," ते हळूच म्हणाले.

"असू दे. मला भूक लागली."

शकुंतलाबाईंनी घास घेतला, चावला, गिळला. मग विचारलं, "तिचं पाण्याचं भांडं सापडत नाही. चिमण्यांसाठी ठेवीन म्हणते. महिनाभर शोधतेय."

यज्ञेश्वररावांचा हात चौकटीवर गेला.

"डॉक्टरीणबाई विचारत होत्या, इतकी कोरडी कशी झाली म्हणून," शकुंतलाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "तेव्हापासून शोधतेय."

यज्ञेश्वररावांनी चौकट सोडली. मग आत गेले, कोठीचं दार उघडलं आणि पिंपामागे हात घातला. भांडं तिथेच होतं. तळाशी पाणी आटून पांढरी रेघ उमटली होती, वर गव्हाची धूळ. ते त्यांनी दोन्ही हातांत धरून बाहेर आणलं आणि बायकोपुढे ओट्यावर ठेवलं.

शकुंतलाबाईंनी भांड्याकडे पाहिलं, कोठीच्या दाराकडे पाहिलं. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे होते, एवढे दिवस त्यांना वाटत होतं की ते जुनेच आहेत. त्यांनी ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच राहिली.

त्या रात्री चंद्र लख्ख दिसला. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या मोबाइलवर वेळ बघून उपास सोडले. खालून कुणी हाक मारली नाही. यज्ञेश्वरराव गच्चीवर तांब्या घेऊन उभे राहिले, मग अर्घ्य न देताच खाली आले. ओट्यावर ते भांडं अजून रिकामंच होतं. शकुंतलाबाई ते भरत नव्हत्या, आणि नवऱ्यालाही भरू देत नव्हत्या.